वरच्या हॉलमध्ये हवा छान आहे

मला संधिवात आहे आणि मी पंचवीस वर्षांची आहे. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ बोलले की समोरचा माणूस दुसऱ्यावर अडकतो. "इतनी सी उमर में गठिया?" हे मला केमिस्टने विचारलंय, ई-रिक्षावाल्याने विचारलंय, पार्लरमधल्या ताईने भुवया करता करता विचारलंय, आणि एकदा तर हॉस्पिटलच्या लिफ्टमनने, म्हणजे मी गठियाच्याच डॉक्टरकडे चालले होते तेव्हा. प्रश्नामागून लगेच उपाय येतो. मेथीदाणे भिजवून खा. निर्गुंडीचं तेल चोळ. दही बंद कर. लग्न झालं की आपोआप जाईल, हा आत्याच्या शेजारणीचा. म्हणजे माझ्या अंगातली जी फौज मला वाचवायचं सोडून माझ्याच सांध्यांवर तुटून पडलीये, ती वरात बघून घाबरून पळून जाणार.

एकोणिसाव्या वर्षी सुरू झालं, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. सकाळी उठले की बोटं मिटायचीच नाहीत. टूथपेस्टचं झाकण मी दातांनी उघडायचे. एका परीक्षेत पेन्सिल दोनदा हातातून पडली तर सर म्हणाले, "मोबाइल कम चलाओ." निदान व्हायला आठ महिने गेले, कारण सगळ्यांचं म्हणणं एकच, कमजोरी आहे. आई मला डिंकाचे लाडू खाऊ घालत होती आणि मी जाड होत होते आणि बोटं होती तिथेच.

मग औषधं सुरू झाली, आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या गोळ्या, सूज उतरली. पण खरं माझं शरीर मला परत मिळालं ते फिजिओ मॅडममुळे. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "दवा अपना काम करेगी, जोड़ आपको चलाने पड़ेंगे. दर्द से लड़ना नहीं है. रोज़ पूछना है कि आज कितना चलेगा." मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. एक तर म्हणायचे अजिबात हलू नको, आराम कर, नाहीतर म्हणायचे रोज पळायला जा, आळशी आहेस. मधलं काही असतं हे मला वीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं.

आता आमचा व्यायामाचा ग्रुप कसा सुरू झाला ते सांगते.

आम्ही या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या बाग सेवनिया भागात राहतो. आजोबा नागपूरहून इथल्या सरकारी ऑफिसात आले आणि इथलेच झाले. आईला दर रविवारी मराठी मंडळात गेल्याशिवाय चैन पडत नाही. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी आईबरोबर गेले. सगळ्या बायका सतरंजीवर, आणि मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर. लगेच एक मावशी म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना खाली बसायला लाज वाटते बाई." आईने नेहमीसारखं हसून सोडून द्यायला हवं होतं, पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "लाज नाही वाटत. खाली बसली तर उठता येत नाही तिला. संधिवात आहे."

आणि मग ज्या मावशी बोलल्या होत्या त्यांच्याच शेजारच्या काकूंनी वाणात मिळालेला डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. बोटं सगळी एका बाजूला वळलेली. "मलेही आहे ना ते," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली." मग पलीकडच्या एकीने गुडघ्यावरची साडी चापून सूज दाखवली. मग तिसरी. इतकी वर्षं या बायका एकमेकींच्या शेजारी बसत होत्या आणि कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं. मला रडू येत होतं की राग, माहीत नाही. बहुतेक राग. मला बहुतेक वेळा रागच येतो.

हात पुढे करणाऱ्या त्या काकू अयोध्या नगरला राहतात. त्यांचे मिस्टर तिथल्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन होते, ते आता हयात नाहीत, काकू मुलगा-सुनेबरोबर असतात. यापुढे मी काकू म्हटलं की त्याच.

फिजिओ मॅडमना विचारलं, मी यांना शिकवू का? त्यांनी आधी सगळ्यांना आपापल्या डॉक्टरांना विचारून यायला लावलं, एकदा स्वतः येऊन प्रत्येकीला तपासलं, कोणी काय करायचं नाही ते माझ्या वहीत लिहून दिलं, आणि सांगितलं की नवीन सूज आली तर त्या सांध्याला हात लावायचा नाही, सरळ दवाखाना. मग मंडळाची खालची खोली मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, साडेदहा ते अकरा. मला बरं पडायचं, कारण मी मंडीदीपच्या एका कारखान्यासाठी घरून ड्रॉइंग करते आणि माझं काम दुपारी सुरू होतं.

साडेदहाच का, हे समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. मंडळातल्या प्रत्येकाला वाटतं व्यायाम म्हणजे सकाळी सहाला. अहो, सहाला आमची बोटं लाकडाची असतात. गरम पाण्यात हात बुडवून, चहा पिऊन, घरात चार फेऱ्या मारून आम्ही माणसात येतो ते दहाला.

आणि ती नोटीस. मंडळाच्या सचिव काकांनी फळ्यावर छापील नोटीस लावली: "महिलांसाठी योगवर्ग. चटई सोबत आणावी." मी सांगून सांगून दमले की काका, योग नाहीये, खुर्चीवरचा व्यायाम आहे, या बायकांना खाली बसून उठता येत नाही. ते म्हणाले, "हो हो, पण चटईशिवाय कसा व्यायाम?" पहिल्या दिवशी नऊ बायका आल्या, नऊ चटया घेऊन. सांधे दुखणाऱ्या नऊ बायका काखेत चटई धरून, कारण नोटिशीत लिहिलंय ना. आम्ही त्या चटया कोपऱ्यात उभ्या केल्या आणि खुर्च्यांवर बसलो.

व्यायाम म्हणजे काय, तर बघणाऱ्याला वाटेल काहीच नाही. मूठ हळूहळू मिटा, पण आवळू नका. टॉवेलची गुंडाळी दाबा, सोडा. घोटे गोल फिरवा. हात मांडीवर ठेवून खुर्चीतून उठा, बसा, ज्यांना उठवत नाही त्यांनी नुसतं पुढे झुका. मध्ये गप्पा. फार दुखलं की तिथेच थांबायचं आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही, हा एकच नियम मी फळ्यावर लिहून ठेवला होता.

दीड वर्षात काय झालं सांगते. चमत्कार नाही झाला, कोणाचा आजार गेला नाही, आणि जो म्हणेल की गेला त्याच्यापासून लांब राहा. पण काकू. काकूंनी कित्येक वर्षं मंडळाच्या पंगतीत वरणभात चमच्याने खाल्ला होता, कारण बोटांत घास धरता येत नव्हता. "काय वहिनी, फॉरेनहून आल्या का?" हे दर वेळी कोणीतरी म्हणायचं आणि काकू हसायच्या आणि पुढच्या वेळी पंगतीला न बसता स्वयंपाकघरातच उभ्यानं खाऊन घ्यायच्या. यंदाच्या रामनवमीच्या जेवणाला त्या पंगतीत टेबलाशी बसल्या आणि हाताने जेवल्या. हळू, सांडत, सगळ्यांच्या नंतर उठल्या. पण हाताने. दर मंगळवार-शुक्रवार त्या अयोध्या नगरहून पार इतक्या लांब यायच्या, दोन बस बदलून, आणि त्यांच्या आठवड्यात घराबाहेर पडायचं हे एवढंच कारण होतं. सून एकदा मला म्हणाली, "दीदी, उस दिन वो सुबह से तैयार रहती हैं."

तर आता श्रावणातलं.

आमचं मंडळ म्हणजे निवृत्त सरकारी ऑफिस आहे. अध्यक्ष काका सेक्शन ऑफिसर होते, सचिव काका हेडक्लार्क, कमिटीतले बाकीचे कारखान्यातले इंजिनिअर. तिथे पंखा बंद पडला तरी अर्ज लागतो, अर्जावर आवक क्रमांक पडतो, मग तो "चर्चा करावी" असा शेरा घेऊन फिरतो. माणसं वाईट नाहीत. माझ्या बारशाला हे सगळे होते. म्हणूनच जास्त राग येतो.

श्रावणात सचिव काकांनी मला बोलावलं. गणपतीचं सामान, मखर, पडदे, मोठे गंज म्हणजे पातेली, पराती, सगळं जिन्याखाली ओलं होतं, ते खालच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. "तर बेटा, तुमचा वर्ग आता वर. वरच्या हॉलमध्ये हवा छान आहे. खिडक्या आहेत, स्टेज आहे. तुम्हा लोकांना मान म्हणून मोठा हॉल देऊन राहिलो आम्ही."

वरचा हॉल म्हणजे बावीस पायऱ्या. कठडा एकाच बाजूला, तोही हलतो. लिफ्ट नाही.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ठीक आहे काका."

हे मला लिहिताना पण नीट लिहवत नाहीये. मी, जी दिवसभर सगळ्यांशी भांडते, बसमध्ये सीटसाठी भांडते, मी म्हणाले ठीक आहे काका. कारण त्यांनी बेटा म्हटलं, मान म्हटलं, आणि त्या आठवड्यात माझे स्वतःचे गुडघे बरे होते म्हणून मला वाटलं जमेल. मी ग्रुपवर मेसेज टाकला, "हळूहळू चढू या सगळ्या, मध्ये थांबत थांबत." वर दोन हसरे चेहरे पण टाकले.

एव्हाना आमच्या ग्रुपात अकरा जणी होत्या, मंगळवारी त्यातल्या सहा आल्या. दोघी पहिल्या पायरीवरूनच परत गेल्या. काकू चढल्या. मी त्यांच्या मागे होते. दर पायरीला आधी डावा पाय, मग उजवा शेजारी आणायचा, मग श्वास. बाराव्या पायरीवर त्या भिंतीला टेकल्या. मी म्हटलं, "काकू, परत जाऊ या." त्या म्हणाल्या, "आता उतरायलाही तेवढंच दुखंल, वरच चल." वर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी. खरंच हवा छान होती. आम्ही पाच मिनिटं मुठी उघडल्या-मिटल्या आणि मग उतरायची वेळ झाली.

शुक्रवारी काकू आल्या नाहीत. मी फोन केला.

"गुडघा सुजला गं. डॉक्टरने पाणी काढलं."

"काकू, मला आधी नाही का सांगायचं."

"तुले सांगून काय होते?" आणि पुढे, "मी नाही येत आता. तू करत जा. पोरी, चांगलं करता तुम्ही."

त्यांनी असं म्हटलं की जणू आमचा वर्ग म्हणजे एखादी बंद झालेली मालिका आहे. मी फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिले. मी एका बाईला घराबाहेर काढायला दीड वर्ष लावलं होतं आणि परत आत पाठवायला एक मेसेज.

मग मी अर्ज केला. हो, मी पण केला, तीन प्रतींत, विषय-संदर्भ-महोदय सगळं. खालची खोली वर्गासाठी परत मिळावी, सामान वर न्यावं, सामानाचे गुडघे दुखत नाहीत. शेवटचं वाक्य बाबांनी खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही.

अध्यक्ष काकांनी कमिटीसमोर तो मोठ्याने वाचला. एक इंजिनिअर काका म्हणाले, "पण तुम्ही व्यायामच करता ना? मग जिना चढणं पण व्यायामच आहे. डबल फायदा." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, घरात हसतात तसे हसले. मी म्हटलं, "काका, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी तुम्हाला बारीक अक्षरातलं पुस्तक दिलं असतं का, डोळ्यांचा व्यायाम म्हणून?" त्यांनी चष्मा पुसायला घेतला. पण अध्यक्ष म्हणाले, "हे बघ, जागेचा प्रश्न धोरणात्मक आहे. आमसभेत विषय घेऊ." आणि शेरा मारला.

आमसभा भाद्रपदाच्या आधीच्या रविवारी होती. आमसभा कुठे असते? वर.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं. पूर्वी लोक आमसभेला यायचेच नाहीत, शेवटी फक्त तर्री-पोहे खायला यायचे आणि हजेरीवर सही करून जायचे. म्हणून सचिव काकांनी नियम केला होता: हजेरीचं रजिस्टर खाली, दारातच टेबलावर. अकराच्या आत सही करायची, तिथेच पोह्यांचं कूपन मिळणार, अकराला रजिस्टर बंद होऊन वर जाणार. त्यांना या नियमाचा फार अभिमान आहे.

मी पोचले तर पोर्चमध्ये भिंतीला लावलेल्या बाकांवर आमच्या बायका बसलेल्या. सगळ्या अकरा. काकू पण. मुलाने सोडलं होतं, गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

"वर नाही येणार?" मी मूर्खासारखं विचारलं.

"आम्ही दरसाल इथेच बसतो ना," आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या. "सही करतो, बसतो, पोहे आले का खातो न् घरी जातो."

"दरसाल?"

"मग काय. माईकचा आवाज येते थोडा थोडा."

मला हे माहीतच नव्हतं. मी कधी आमसभेला गेलेच नव्हते, मला ते कंटाळवाणं वाटायचं. मी वर गेले, माझ्या गतीने, आणि मागच्या रांगेत बसले. सचिव काका उठले आणि रजिस्टर उघडून म्हणाले, "कोरम पन्नास. आजची उपस्थिती छप्पन्न. कोरम पूर्ण, सभेला सुरुवात करू या."

छप्पन्न. मी नुसतीच नजर फिरवली. मग परत फिरवली. मी इंजिनिअर आहे, रांगा मोजायला वेळ लागत नाही. पंचेचाळीस होतो आम्ही वर. व्यासपीठ धरून.

आईशप्पथ माझे कान गरम झाले. म्हणजे आमच्या या बायका दर वर्षी खाली बसून कोरम पूर्ण करत होत्या. त्यांच्या सह्यांवर ही सभा उभी होती आणि त्यांनी कोणत्याच गोष्टीला कधीच हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. वरती ठराव, खाली पोहे.

अहवाल वाचून झाला, गणपतीच्या आराशीचा विषय झाला, नाटकाच्या तालमीचा झाला, आणि शेवटी "विषय क्रमांक सात, तळमजल्यावरील खोलीचा विनियोग." अध्यक्ष म्हणाले, "यावर फार चर्चेची गरज नाही. सामान खाली, वर्ग वर. हात वर करा."

मी उभी राहिले. "काका, एक विचारू? आत्ता किती लोक हजर आहेत?"

"छप्पन्न. सांगितलं ना."

"इथे पंचेचाळीस आहेत."

"अगं, बाकीच्या खाली बसल्या आहेत."

"म्हणजे त्या हजर आहेत?"

"हो, सही आहे ना त्यांची."

"मग त्यांचं मत घ्यायचं राहिलं. आणि त्या हजर नसतील तर कोरम नाही, मग आत्तापर्यंतचे सहा ठराव पण गेले, गणपतीचा पण."

सचिव काकांनी पेन खाली ठेवलं. तीस वर्षं नियमांत काढलेला माणूस आहे, त्यांना माझ्या आधी कळलं असणार. एक काका म्हणाले, "फार वकील होऊन राहिली ही." दुसरे म्हणाले, "खाली जाऊन विचारून या कोणीतरी."

"विचारून नाही," मी म्हटलं. "विषय त्यांचा आहे. त्यांना ऐकू आलं पाहिजे, बोलता आलं पाहिजे. त्या वर येऊ शकत नाहीत. तुम्ही खाली येऊ शकता."

बराच वेळ कुजबुज. मग सचिव काकांनी रजिस्टर बगलेत धरलं आणि म्हणाले, "घटनेत सभेची जागा 'मंडळाची वास्तू' अशी आहे. पोर्च वास्तूतच येतो. चला." मी त्यांच्यावर अजून पण चिडलेली आहे, पण हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

आणि मग पंचेचाळीस माणसं बावीस पायऱ्या उतरली आणि मी जे बघितलं ते बघून माझं डोकंच फिरलं. अध्यक्ष काका आडवे उतरत होते, भिंतीला हात लावून, एकेक पायरी. जिना म्हणजे व्यायाम म्हणणारे इंजिनिअर काका दर तीन पायऱ्यांनी थांबत होते आणि मोबाइल बघायचं नाटक करत होते. आणखी तिघं-चौघं तसेच. म्हणजे यांचे पण गुडघे गेलेत. इतकी वर्षं दात आवळून वर चढायचं आणि मग वरून सांगायचं की हवा छान आहे.

खाली बायका गोंधळून उठायला लागल्या. मी म्हटलं, उठू नका. सचिव काकांनी विषय परत वाचला. अध्यक्ष काका घाम पुसत म्हणाले, "कोणाला काही बोलायचं आहे?"

मी काकूंकडे बघितलं नाही, मुद्दाम. पण त्याच बोलल्या, बसूनच.

"मी चौदा वर्षांपासून सभासद आहे. दरसाल आमसभेला येते. वर काय ठरलं ते मले पोहे वाढणारी बाई सांगते."

"वहिनी, मग तुम्ही आधी सांगायचं ना आम्हाला," अध्यक्ष म्हणाले.

"सांगायला वर यावं लागते."

एक-दोघं हसले आणि मग हसणं मध्येच विरलं. काकू पुढे म्हणाल्या, "त्या खोलीत मी मंगळवारी न् शुक्रवारी येत होती. घरी मी आजारी आहे. इथे मी येत होती. आता तिथे तुमचे गंज आहेत. गंजाले काय, ते कुठेही राहतात." बस, एवढंच. पदर नीट केला.

मतदान हात वर करून. मला सांगावं लागलं की ज्यांचा खांदा उचलत नाही त्यांनी तोंडाने सांगा, आणि सचिव काकांनी अकरा जणींपैकी चौघींचं नाव घेऊन तोंडी मत लिहिलं. सामान खाली ठेवण्याच्या बाजूने एकोणीस. विरोधात तेहेतीस. बाकीचे तटस्थ, त्यात माझे बाबा, ज्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. ते म्हणाले, कमिटीत मित्र आहेत. मी म्हटलं, घरात मुलगी आहे.

खोली मिळाली. पण जिंकल्यासारखं वाटू देतील तर ते आमचे लोक कसले. कोणीतरी विचारलं की मग पुढची आमसभाही खालीच घ्यायची का, तर उत्तर आलं, "विचाराधीन." आणि तीन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर इतिवृत्त आलं: "काही महिला सदस्यांच्या विनंतीस मान देऊन, सहानुभूतीपूर्वक विचार करून, खोली तात्पुरती उपलब्ध करून देण्यात आली." विनंती कोणी केली? सहानुभूती कोणी मागितली? तात्पुरती कुठून आली? मतं मोजली ना तुम्ही, माझ्या डोळ्यांसमोर मोजली. मी तिथेच ग्रुपवर लिहिलं, एका दमात, पंधरा ओळी, आईने फोन ओढायचा प्रयत्न केला तोपर्यंत पाठवून झालं होतं. दोन दिवसांनी सचिव काकांनी दुरुस्त प्रत टाकली: "मतदानाने, १९ विरुद्ध ३३." बाकी एक शब्द नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मी दहालाच जाऊन बसले. खोलीत थर्माकोलचा वास होता आणि एक मोठी परात अजून कोपऱ्यात राहिली होती. मी खुर्च्या लावल्या. अकरा लावल्या, मग बारावी माझी. साडेदहापर्यंत आठ जणी आल्या. काकू नाहीत. आम्ही सुरू केलं. बोटं झाली, मनगटं झाली. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दर मिनिटाला बघत होते. मला वाटत होतं की गुडघा बरा नसेल, किंवा बरा असेल आणि त्यांना यायचंच नसेल, आणि मग त्या तेहेतीस मतांचं मी काय करू.

पावणेअकराला त्या आल्या. पट्टा होता, हातात काठी नवीन होती. दारातल्या खुर्चीवर बसल्या, चप्पल काढली, टॉवेल पिशवीतून काढला. सगळ्या घोटे फिरवत राहिल्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"आज गुडघ्याचं काही करायचं नाही," मी म्हटलं. "फक्त हात."

"माहीत आहे मले." त्यांनी टॉवेल गुंडाळला. "तुले एक सांगू? ते चढायला सांगितलं ना त्यांनी, त्यांचा राग नाही आला मले. त्यांना काय समजते. तू ठीक आहे म्हणाली, त्याचा आला."

"सॉरी काकू."

"सॉरी राहू दे. तुले तर माहीत होतं."

मी मान हलवली. खरंच माहीत होतं मला.

"आता ही खुर्ची आत घे माझी," त्या म्हणाल्या. "दारातला वारा सरळ खांद्याला लागून राहिला."